एका सांबराचे वाटे

गोरेगावकडे जुन्या माणसांजवळ बसलं, की कधी ना कधी सांबराचा विषय निघतोच. "त्या मटणानं अंगात ताकद यायची, आताच्या ब्रॉयलरमध्ये काय हाय?" हे वाक्य लहानपणापासून ऐकलंय. एमएस्सीनंतर प्रश्न पडला: त्या मटणात खरंच काही वेगळं होतं का? म्हटलं, आज तेच तपासून बघू.

तुलनेसाठी सांबराचा एक थोरला भाऊ घेऊ. मूस (सोनाराची नव्हे!) हे जगातलं सगळ्यात मोठं हरीण. कॅनडा, अलास्का, स्वीडन, नॉर्वे इथे ते आजही परवाना काढून, कायदेशीरपणे मारतात आणि खातात. त्यामुळे त्याच्या मांसाचा अभ्यास भरपूर झालाय. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत 100 ग्रॅम कच्च्या मूसमध्ये साधारण 22 ग्रॅम प्रथिनं, 1 ग्रॅमहूनही कमी चरबी आणि 102 कॅलरी दिल्या आहेत. हरणाच्या मांसात 23 ग्रॅम प्रथिनं आणि अडीच ग्रॅमच्या आसपास चरबी. आता बकऱ्याचं बघा: साडेवीस ग्रॅम प्रथिनं, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास चरबी. म्हणजे हरीण थोडं पुढे, पण फार नाही. लोह सगळ्यांत चांगलं. "अंगात ताकद" येण्याचं कारण काही या आकड्यांत सापडत नाही.

उलट, नुसत्या अशा मांसावर माणूस आजारी पडतो. मूसच्या कॅलरींपैकी 85 टक्क्यांहून जास्त प्रथिनांमधून येतात. प्रथिनं जाळताना निघणाऱ्या नायट्रोजनचं युरिया करायला यकृताला मर्यादा आहे. एकूण ऊर्जेच्या साधारण तिसऱ्या हिश्शापलीकडे प्रथिनं गेली की मळमळ, जुलाब, अशक्तपणा सुरू होतो. 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात स्टेफान्सन या ध्रुवप्रदेशाच्या संशोधकावर मांसाहाराचा प्रयोग झाला. चरबी काढलेलं मांस दिल्यावर तो काही दिवसांतच आजारी पडला आणि चरबी दिल्यावर बरा झाला. म्हणून उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी मूसचं सुकं मांस कुटून त्यात चरबी मिसळत, नळीतला मगज सोडत नसत.

आपल्याकडे हा प्रश्न आलाच नाही, कारण आपण धानाच्या मुलखात राहतो. गंजभर भात, वर जवसाचं किंवा मोहाच्या टोळीचं तेल, आणि त्यासोबत मांसाचे चार तुकडे. मांस पोट भरायला नव्हतं, भाताला जोड होती. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, मांसात ते भरपूर. थोडं मटण ताटभर भाताची किंमत वाढवतं. अधूनमधून मिळणाऱ्या त्या तुकड्यांचं मोल इथे आहे.

जुन्या वैद्यकातही या मांसाला मान आहे. चरकसंहितेत प्राण्यांचे गट पाडलेत, त्यात कोरड्या प्रदेशातल्या 'जांगल' गटात शंबर म्हणजे सांबर आणि पृषत म्हणजे चितळ येतात. या गटाचं मांस पचायला हलकं मानलंय. कमी चरबीच्या मांसाबद्दल हे निरीक्षण अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही.

मूस आणि सांबर यांच्यात खरा फरक पडतो तो हवामानामुळे. मोठा मूस 500 किलोपर्यंत सहज जातो, पण तिकडे शिकार झाली की लगेच थंडी येते. मांस गोठतं आणि एका घराला हिवाळाभर पुरतं. सांबराचा नर सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यात हाका घालून पळवलेलं जनावर. जीव वाचवायला पळताना स्नायूंतलं ग्लायकोजेन संपतं, मग मेल्यावर लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होत नाही, सामू खाली उतरत नाही आणि मांस लवकर नासतं. एवढं मांस एका घरात ठेवणं शक्यच नव्हतं. थोड्याच्या पट्ट्या कापून चान्या करता येत, पण बाकीच्याचे वाटे त्याच दिवशी घालावे लागत. मूस एका घराची बेगमी झाला, सांबर गावाचं जेवण झालं. मला वाटतं, जुन्या माणसांच्या आठवणीतली 'ताकद' त्या वाट्याची आहे.

खाण्यालाही बंधनं होती. गोंड समाजात कुळाकुळांचे राखलेले प्राणी असतात. ज्याच्या कुळाचा जो प्राणी, तो त्यानं मारायचा नाही, खायचा नाही.

मग हे वाटे थांबले कसे? 1972 च्या वन्यजीव कायद्यानं, असं आपण सहज म्हणतो. पण सुरुवात त्याच्या बरीच आधीची. 1878 च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली आणि तिथली शिकार नियमात बांधली. पुढे मध्य प्रांतात जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडून परवाने दिले जाऊ लागले. जेम्स फोर्सिथचं 1871 चं पुस्तक असो की डनबार ब्रँडरचं 1923 चं, दोघेही सरकारी अधिकारी आणि दोघेही मध्य प्रांतातल्या जनावरांवर भरभरून लिहितात. साहेबाला शिंगं हवी असत. माग काढणारा गोंड त्याच्यासोबत असला तर तो वाटाड्या, एकटा असला तर चोर. प्राणी तोच, जंगल तेच, फरक कागदाचा.

1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान. 1972 च्या कायद्यातही शिकारीच्या परवान्याची सोय होतीच; ती 1991 च्या दुरुस्तीनं गेली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं मोहफूल, तेंदूपान असं गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला.

मला हे वगळणं योग्य वाटतं. एका वाघाला वर्षाला साधारण 50 मोठी सावजं लागतात. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. त्यांना सांबरं, चितळं लागणारच. मुरदोलीजवळच्या रस्त्यावर रात्री गाडी हळू चालवा म्हणतात, तेही त्यांच्यासाठीच.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. सांबराचा वाटा गेला, त्या जागी भातावर काय आलं? ढीवरांनी मामा तलावातून काढलेले मासे, घरची कोंबडी, लाखोळीची डाळ, आणि ज्याला परवडतं त्याला बकऱ्याचं मटण. आकड्यांत बघितलं तर यातलं काहीही सांबराची जागा घेऊ शकतं. दोन अंड्यांत 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. राज्यातल्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडी देतात, ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. जंगलाचा वाटा सरकारनं वाघासाठी राखला असेल, तर अंगणवाडीतलं अंडं ही मेहेरबानी नाही, ती भरपाई आहे. ते वेळेवर येतं की नाही, हे विचारायचा हक्क गावाचा.