वाईचा धर्मकोश: निःशस्त्र आणि गर्भ

युद्धात कोणावर शस्त्र धरू नये आणि गर्भाला जीव कधीपासून मानावे, हे दोन्ही वाद धर्मशास्त्राइतकेच जुने आहेत. त्यांवरची विखुरलेली वचने शोधून, पाठभेद ताडून लावण्याचे काम विसाव्या शतकात वाईला सुरू झाले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी उभ्या केलेल्या प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली धर्मकोश आकाराला आला. त्याच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ साली निघाला. एकेका विषयावरची वचने वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत कालक्रमाने मांडायची, ही त्याची रीत. काळाप्रमाणे वचने मांडली की शास्त्र एकमुखी नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

युद्धाचा विषय राजधर्मात येतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषारी, काटेरी आणि अग्नीने तापवलेली शस्त्रे वर्ज्य आहेत. मारू नये अशांची यादीही तिथेच आहे: हात जोडलेला, केस सुटलेला, झोपलेला, कवच उतरलेला, निःशस्त्र, पळणारा, दुसऱ्याशी झुंजणारा आणि न लढता नुसता पाहणारा. यादी उदार दिसते, पण तिच्यातली माणसे रणांगणावरची आहेत. गावातली रयत तिच्यात नाही. उलट त्याच अध्यायात शंभरेक श्लोक पुढे शत्रूला वेढा घालून त्याचा चारा, अन्न, पाणी आणि सरपण नासवण्याचा सल्ला आहे. पाणी नासले की आधी कोण मरते, याचा विचार तिथे केलेला दिसत नाही.

वाईच्या परिसराला असे मरण ऐकून माहीत होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले मोठ्या संख्येने होती. उपासमार त्यांनीही सोसली आणि पराभवानंतरची कत्तल व गुलामगिरीही त्यांच्या वाट्याला आली. वाईशेजारच्या मेणवलीत पुढे वाडा बांधणारे नाना फडणवीस तेव्हा तरुण होते. ते जीव घेऊन परतले. बरोबर आलेली त्यांची आई मात्र त्या धावपळीत कायमची गेली. त्याच रणात पडलेल्या विश्वासरावांची आई गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची लेक. विश्वासराव लढत पडले, म्हणून बखरींत त्यांचे नाव ठळक आहे; बुणग्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

हे सगळे लोक मनूच्या यादीतल्या ‘पाहणाऱ्या’च्या जवळपासचे. त्यांना कायद्याचे कवच मिळायला १९४९ चा चौथा जिनिव्हा करार उजाडावा लागला. अन्न आणि पाणी नासवण्यावर स्पष्ट बंदी तर १९७७ च्या पूरक करारात आली. भारताने १९४९ चे करार स्वीकारले आहेत, १९७७ चा नाही.

गर्भाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि अडचण शब्दापासूनच सुरू होते. जुन्या धर्मसूत्रांत ‘भ्रूण’ म्हणजे गर्भ आणि विद्वान ब्राह्मणही. वसिष्ठाच्या मते ज्याचे लिंग अजून कळलेले नाही अशा गर्भाला मारणारा भ्रूणहा ठरतो. मनूही अशा अविज्ञात गर्भाच्या हत्येला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगतो. कारण असे की न कळलेला गर्भ मुलगा असू शकतो. दयेच्या पोटी मुलग्याची आस आहे, हे लपत नाही. गर्भाचे लिंग आधी जाणून घेण्याच्या चाचण्यांवर महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा कायद्याने बंधन घातले. तिथे हीच आस उलट्या बाजूने दिसली.

जीव कधी येतो, याबाबत आयुर्वेदातही एकमत नाही. चरकाच्या मते शुक्र, शोणित आणि जीव गर्भाशयात एकत्र आले की त्यालाच गर्भ म्हणायचे. सुश्रुत मात्र पहिल्या महिन्यात नुसते ‘कलल’ पाहतो. हृदय स्पष्ट होऊन चेतना प्रकट व्हायला त्याच्या हिशेबात चौथा महिना लागतो. आईची आणि गर्भाची मिळून दोन हृदये झाली म्हणून तिला इच्छा होतात, असे तो म्हणतो. त्यांनाच मराठी घरांत डोहाळे म्हणतात.

मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवण्यात १९९८ साली अमेरिकेत यश आले आणि हा वाद प्रयोगशाळेत शिरला. त्या पेशी मिळवायच्या तर काही दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. २००१ साली अमेरिकी सरकारने आधीपासून तयार असलेल्या पेशीमालिकांपुरतेच अनुदान मान्य केले, तेव्हा त्या यादीत मुंबई आणि बंगळूरच्या संस्थाही होत्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे, किंवा त्याआधीच आदिम रेषा उमटली तर तिच्यापलीकडे, वाढवता येत नाही. चौदाव्या दिवशी सुश्रुताच्या मोजणीत तो अजून कललच असतो. चरकाच्या मोजणीत त्यात जीव येऊन दोन आठवडे झालेले असतात.