आक्रे

आक्रे : ब्राझीलचे अगदी पश्चिमेकडील राज्य. क्षेत्रफळ सु. १,६४,००० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र ८,३०,०१८ (२०२२). पेरू व बोलिव्हिया या देशांच्या सीमा राज्याला भिडलेल्या आहेत. राजधानी रिओ ब्रांको. येथील घड्याळ ब्राझीलियाच्या दोन तास मागे असते.

चार-पंचमांशाहून अधिक भूभाग ॲमेझॉनच्या वर्षावनाखाली आहे. जमीन गाळाची, दगड जवळजवळ नाहीच, त्यामुळे रस्त्यांसाठी खडी शेजारच्या रोंदोनियातून आणावी लागते. पावसाळ्यात कच्च्या वाटा चिखलात बुडतात आणि झुरुआ, पुरूस या नागमोडी नद्याच वाहतुकीचा आधार ठरतात. जून-जुलैत दक्षिणेकडील थंड वारे एकाएकी शिरून पारा १० अंश से.पर्यंत उतरवतात. या थंडीच्या लाटेला ‘फ्रियाजेम’ म्हणतात.

या राज्याचा इतिहास रबराच्या चिकाने लिहिला. १८७७ च्या दुष्काळात होरपळलेली ईशान्य ब्राझीलची माणसे चीक काढण्यासाठी इथे आली. प्रदेश तेव्हा बोलिव्हियाचा होता. प्लासिदो दे कास्त्रो याच्या नेतृत्वाखाली त्यांनी १९०२ मध्ये उठाव केला. १९०३ च्या पेत्रोपोलिस तहाने ब्राझीलने २० लाख पौंड आणि रेल्वेमार्ग बांधण्याचे वचन देऊन आक्रे मिळवले. राज्याचा दर्जा १५ जून १९६२ रोजी लाभला.

चीक काढणारा तो ‘सेरिंगेइरो’. डोक्यावर रॉकेलचा दिवा बांधून तो उजाडण्यापूर्वी रानवाटेला लागतो, खोडाला तिरकी खाच पाडतो, खाली वाटी अडकवतो आणि पुढच्या झाडाकडे वळतो. झाड जगले तरच त्याची चूल पेटते. म्हणूनच १९७० नंतर गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जाऊ लागले, तेव्हा ही माणसे बायकामुलांसह करवतींसमोर उभी राहिली. शापुरीचे शिकू मेंदिस हे त्यांचे नेते. २२ डिसेंबर १९८८ रोजी राहत्या घराच्या मागच्या दारात त्यांची गोळी घालून हत्या झाली. वनरक्षणाचा इतका स्पष्ट विचार जंगलात राबणाऱ्या माणसांतून यावा, ही आक्रेची सर्वांत मोठी देणगी होय.

१९९० मध्ये मेंदिस यांच्या नावाने राखीव वनक्षेत्र स्थापन झाले. चीक आणि ब्राझील नट गोळा करण्याचा हक्क तेथील रहिवाशांकडे आहे. गुरांची कुरणे मात्र आता त्या क्षेत्रातही शिरली आहेत.