जनगणना २०२७: एका बातमीमागची दीडशे वर्षं

यूपीएससी किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणाचाही फोन उघडा, करंट अफेअर्सच्या पीडीएफचा ढीग सापडेल. महिन्याची एक, वर्षाची एक, वर 'क्विक रिव्हिजन' वेगळीच. पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डोक्यात राहतं किती? म्हणून आजच्या भागात बातमी एकच घेऊ, आणि तिचा इतिहास बघत मागे जाऊ.

बातमी अशी. ३० एप्रिल २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने येत्या जनगणनेत जातीची नोंद करायचं ठरवलं. १६ जूनला अधिसूचना निघाली. संदर्भ तारीख १ मार्च २०२७. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. हे पाठ व्हायला दोन मिनिटं पुरतात. खरा प्रश्न पुढे आहे: यात एवढं मोठं काय आहे?

मागे जाऊ या. १८७२ ला पहिली जनगणना झाली, पण ती देशभर एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळची पहिली गणना १८८१ ची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी मोजणी होत गेली. १९४१ ला महायुद्ध चालू होतं, तरी झाली. साखळी तुटली ती थेट २०२१ ला, कोविडमध्ये.

आता जात. संपूर्ण जातनिहाय आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ चे. १९४१ चे तक्ते प्रसिद्धच झाले नाहीत. स्वतंत्र भारताने १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या. त्यामुळे १९७९ ला नेमलेल्या मंडल आयोगाला ओबीसींची संख्या ठरवायची वेळ आली, तेव्हा हाताशी काय होतं? १९३१ चा कागद! त्यावरूनच ५२ टक्क्यांचा अंदाज आला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात सर्वेक्षणात जात विचारली होती, पण ते जातीचे आकडे बाहेर आले नाहीत.

याची झळ आपल्याला महाराष्ट्रात बसलीय. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी लावली: स्वतंत्र आयोग, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द तेव्हापासून पारावरच्या गप्पांतही आला. राज्याने केंद्राकडे २०११ चे आकडे मागितले, ते मिळाले नाहीत. मग बांठिया आयोग आला, तारखांवर तारखा पडल्या. आपल्या वॉर्डात वर्षानुवर्षं नगरसेवकच नाही, प्रशासक आहे, हे अनेक शहरांनी अनुभवलं. त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे न मोजलेला आकडा.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एखादा भाग बदलण्याआधी त्याच्यावर आणखी काय काय चालतंय ते बघतो. जनगणनेकडे तसंच बघा.

लोकसभेच्या राज्यनिहाय जागा १९७१ च्या लोकसंख्येवर ठरल्यात. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने त्या गोठवल्या, कारण कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांनी जागा का गमवाव्यात? २००१ च्या ८४व्या दुरुस्तीने मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. २०२३ च्या १०६व्या दुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, पण त्याही जनगणना आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेला बांधून.

आणि रेशन. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागात ७५ आणि शहरी भागात ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोहोचायचं आहे. लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवर काढली, सुमारे ८१ कोटी. त्यानंतर लोकसंख्या वाढली, मर्यादा तिथेच राहिली. म्हणजे जनगणना लांबली की कुणाचं तरी नाव रेशनच्या यादीत बसतच नाही.

म्हणून रिव्हिजन करताना प्रत्येक मोठ्या बातमीला चार प्रश्न विचारा. सुरुवात कधी झाली? साखळी कुठे तुटली? कोणते कायदे यावर उभे आहेत? आणि कुणाचं काय अडलंय? पहिले तीन प्रश्न प्रीलिम्सला कामी येतात, चौथा मेन्सला. सोबत दोन ओळी लिहून ठेवा: जनगणना हा संघसूचीतला ६९ वा विषय आहे, आणि कायदा १९४८ चा, म्हणजे राज्यघटनेच्याही आधीचा.

असं एक पान लिहायला तासभर जाईल. पण त्यात मंडल, पुनर्रचना, महिला आरक्षण आणि अन्न सुरक्षा हे चारही विषय एकदम उजळून निघतात. आणि उद्या तुम्ही खरंच अधिकारी झालात, तर याच आकड्यांवर सह्या करणार आहात. तेव्हा आकड्यामागचा माणूस आठवला पाहिजे.

या आठवड्यात एक बातमी निवडा आणि तिचं पान तयार करा. भेटू पुढच्या भागात!