प्रोसेसर जळायचा थांबला तेव्हा

घरी जुळवलेल्या संगणकात प्रोसेसर का तापतो हे शोधणं 2000 नंतर अवघड झालं, आणि त्याचं कारण प्रोसेसरला मिळालेलं संरक्षण हेच आहे. 2000 सालच्या एएमडी थंडरबर्ड अॅथलॉनवरचा हीटसिंक निसटला, तर चिप काही सेकंदांत जळे. दोष लपत नसे. त्याच वर्षीचा पेंटियम 4 मात्र फार तापला की स्वतःच मंदावे. तापमान बायोसमध्ये दिसतंच की, असं कुणी म्हणेल. दिसतं, पण आकडा कारण सांगत नाही. 2004च्या एलजीए 775 सॉकेटवर कूलरच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक अर्धवट बसली, तर कूलर प्रोसेसरला नीट टेकत नसे, तरी पंखा फिरतच राही. म्हणून नवा पंखा आणण्याआधी कूलर उचलून थर्मल पेस्टचा ठसा पाहावा: एका कडेला पातळ आणि दुसरीकडे जाड थर असेल, तर कूलर तिरका बसला आहे.