बायकांना सायकलची सीट का टोचते? आणि कपडे त्यावर काय करू शकतात?

रविवारी पहाटे पुण्यातून निघालेले सायकलवाले खडकवासला, खानापूर, पाबे घाट करत वेल्ह्यात पोहोचतात. सरकारी कागदावर आता हा राजगड तालुका झालाय, पण मिसळ खायला थांबणारे अजून वेल्हेच म्हणतात. समोर तोरणा, परतीला नसरापूरची वाट. सगळी फेरी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. घाट चढताना पाय दुखतात हे सगळेच सांगतात. पण घरी आल्यावर दोन दिवस नीट बसता येत नाही, लघवी करताना आग होते, हे बहुतेक बायका कुणालाच सांगत नाहीत. आपलीच सवय कमी पडतेय असं समजून गप्प बसतात.

मूळ कारण शरीराच्या रचनेत आहे. सायकलवर आपलं वजन खरं तर कमरेखालच्या दोन हाडांवर, म्हणजे बसण्याच्या हाडांवर पडायला हवं. बायकांमध्ये या दोन हाडांमधलं अंतर सरासरी जास्त असतं. सीट अरुंद असली की हाडं कडेला लटकतात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. त्यात हँडल खाली असेल आणि वाकून चालवायची सवय असेल, तर कंबर पुढे कलते आणि दाब आणखी पुढे सरकतो. चढावर तर सायकलच मागे कललेली असते, सीटचं टोक वर येतं आणि जोर लावायला पुढे वाकलं की तेच टोक टोचतं. पाबे घाटात त्रास वाढतो तो यामुळे.

दाबाच्या जोडीला घर्षण आणि घाम. एका तासात पाय काही हजार वेळा वरखाली होतात. ओल्या कातडीवर कापड तेवढ्या वेळा घासलं की आधी काचतं, मग सोलवटतं, मग केसतोड किंवा गळू होतं.

हा त्रास फक्त हौशी मंडळींचा नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटनच्या महिला संघाला याने इतकं छळलं होतं, की ब्रिटिश सायकलिंगने घर्षणाचे जाणकार, प्लास्टिक सर्जन आणि स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियाचे तज्ज्ञ अशांना एकत्र बसवलं. एक निष्कर्ष असा निघाला की तिथले केस वॅक्सिंग करून काढू नयेत. ते घर्षणापासून आणि घामापासून बचाव करतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार तोवर शर्यतीच्या सायकलची सीट जवळजवळ आडवीच ठेवावी लागे. २०१६ पासून ती सुमारे ९ अंशांपर्यंत कलवायची मुभा मिळाली. पुढे २०१९ मध्ये ब्रिटनची पॅरा-सायकलपटू हॅना डाइन्स हिने सीटच्या दाबामुळे झालेल्या सुजेबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल स्वतःच्या नावानिशी लिहिलं, तेव्हा कुठे हा विषय चारचौघांत आला.

आता कपड्यांकडे. सायकलिंग शॉर्ट्सच्या आतल्या पॅडला आजही ‘शॅमी’ म्हणतात. शॅम्वा नावाच्या युरोपातल्या डोंगरी प्राण्याच्या मऊ कातड्यावरून हे नाव आलं. पूर्वी खरंच चामडं लावत. धुतलं की ते कडक व्हायचं, म्हणून क्रीम चोळून मऊ करावं लागे. आता फोम आणि कृत्रिम कापड असतं.

बायकांसाठीचं चांगलं पॅड पुरुषांच्या पॅडची छोटी आवृत्ती नसतं. ते मागे रुंद असतं, कारण हाडं तिथे टेकतात. पुढे आखूड आणि पातळ असतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या मधोमध शिलाई नसते. दुकानात गेल्यावर लोक जाड पॅड मागतात, पण फार मऊ आणि जाड फोम हाडांखाली दबतो आणि मधल्या भागात फुगून वर येतो. म्हणजे जिथे दाब नको तिथेच गादी. हाडांखाली दाट फोम आणि बाकी ठिकाणी पातळ, ही रचना चांगली.

जीन्समध्ये चार जाड शिलाया नेमक्या बसण्याच्या जागी एकत्र येतात. लेगिंगमध्येही तोच चौक असतो, फक्त बारीक. आपल्याकडचे शिंपी पायजम्यात मांड्यांच्या मधे एक वेगळा तुकडा जोडतात, ती मियानी. तिच्यामुळे शिलाई मधून हटून बाजूला जाते आणि पाय मोकळे फिरतात. सायकलच्या पँटमध्ये हीच युक्ती वापरतात, सोबत सपाट शिलाई. नऊवारी नेसून सायकल चालवणाऱ्या बायकांचे जुने फोटो पाहून कौतुक वाटतं. पाय मोकळे होतात हे खरं, पण काष्ट्याचा चुण्यांचा जाड पट्टा येतो तो थेट बसायच्या जागेवर. लांबच्या फेरीला ते अवघडच.

पॅडच्या शॉर्ट्सखाली अंडरवेअर घालायची नसते. हे ऐकून बऱ्याच जणी बिचकतात, पण अंडरवेअरच्या कडेची शिलाई आणि ओला सुती कपडा हेच काचायचं मोठं कारण आहे. पाळीच्या दिवसांत पंखवाला सॅनिटरी पॅड शॉर्ट्सच्या पॅडवर सरकतो आणि मांडीला घासतो. ज्यांना जमतो त्यांना मेन्स्ट्रुअल कप सोयीचा पडतो.

गावातून जाताना घट्ट शॉर्ट्स नकोशा वाटतात, ही अडचणही खरी आहे. त्यावर पॅडची आतली शॉर्ट्स आणि वरून सैल पँट किंवा कडेला चिरा असलेला आखूड कुर्ता चालतो. फक्त कुर्त्याचा घेर सीटखाली दुमडता कामा नये.

खांद्यावर पट्टे असलेल्या बिब शॉर्ट्समध्ये पोटावर इलॅस्टिक नसतं आणि पॅड जागेवरून हलत नाही. पण लघवीला जायचं तर वरची जर्सी उतरवावी लागते. खानापूर ते वेल्हे या वाटेवर बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह शोधत बसावं लागतं. मग अनेक जणी पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देतात. म्हणून अलीकडे काही कंपन्या मागून खाली ओढता येणारे किंवा पट्ट्याला क्लिप असलेले बिब बनवतात. असं डिझाइन मिळत नसेल तर साधी कमरेची शॉर्ट्स बरी.

एवढं करूनही बधिरपणा येत असेल तर आधी सीटची उंची आणि कल तपासावा. उंच सीटवर कंबर डावी-उजवीकडे हलते, तेव्हा कुठलंही पॅड काचणारच. सूज उतरत नसेल, पू किंवा ताप असेल तर डॉक्टरांकडे जायचं. गाठ घरी फोडायची नाही.

फेरी संपली की ओली शॉर्ट्स घालून चहाला तासभर बसू नये. ती लगेच बदलावी, सौम्य साबणाने धुवावी, फॅब्रिक कंडिशनर टाळावा आणि पॅडची बाजू बाहेर करून वाळवावी. वेल्ह्याकडच्या पावसाळ्यात पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दोन जोड लागतातच.