डिझेल इंजिनाचं हेड फुटलं : दुरुस्त करायचं की नवं बसवायचं?

भायखळ्याहून जे. जे. उड्डाणपुलावर गाडी चढली की मध्ये थांबायला जागा नाही. पुढे वाहतूक तुंबलेली, एसी सुरू आणि तापमानाचा काटा लालकडे सरकतोय. 'खाली उतरलो की बघू' असं म्हणत काढलेली ती दहा मिनिटंच अनेक डिझेल गाड्यांना महागात पडतात. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोनेट उघडतो, रेडिएटरमधले बुडबुडे बघतो आणि म्हणतो, "हेड गेलंय." मग प्रश्न उरतो तो पैशांचा. वेल्डिंग करून तेच हेड बसवायचं, कुर्ल्याच्या बाजारातून जुनं आणायचं की नवं घ्यायचं?

उत्तर एका वाक्यात मिळत नाही. पण ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचीही गरज नाही.

हेड म्हणजे काय आणि त्याला तडा का जातो?

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन वर-खाली होतात. त्यावर झाकणासारखं घट्ट बसवलेलं धातूचं जड ओतकाम म्हणजे सिलिंडर हेड. व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर त्यातच असतात आणि थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटाही त्यातूनच जातात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून इतकी तापवली जाते की डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभर पटींच्या वर जातो. हेडच्या एका बाजूला ही आग आणि काही मिलिमीटर धातू ओलांडला की पलीकडे साधारण 90 अंशांचं पाणी. हा फरक हेड दिवसरात्र सोसत असतं.

गाडी गरम झाली की हा तोल बिघडतो. आजच्या बहुतेक कारमध्ये हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि ब्लॉक अनेकदा बिडाचा. स्विफ्टपासून पुंटोपर्यंत कितीतरी गाड्यांत चाललेलं फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन असंच आहे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. अर्धा मीटर लांबीचं हेड 80 अंशांनी तापलं तर ते जवळपास 0.9 मिमी वाढतं, खालचा ब्लॉक मात्र 0.45 मिमीच्या आसपास. म्हणजे बोल्टांनी जखडलेल्या दोन भागांत अर्ध्या मिलिमीटरची ओढाताण. एरवी ती सहन होते, कारण इंजिन त्याच हिशोबाने बनवलेलं असतं. पाणी संपून एकच भाग भडकला की हेड वाकतं आणि सगळ्यात अशक्त जागी फाटतं. ही जागा बहुधा दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली अरुंद पट्टी असते किंवा सीट आणि इंजेक्टर यांच्या मधली.

तापलेल्या इंजिनात बाटलीभर गार पाणी ओतणं हा तडा जाण्याचा आणखी एक खात्रीशीर मार्ग. शिवाय गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं, ते वेगळंच.

आधी खात्री करा, खरंच हेडच गेलंय का?

गाडी पाणी खाते पण खाली कुठे गळत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइलचा रंग दुधाळ होतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. ही लक्षणं तडा गेलेल्या हेडची आहेत आणि फक्त गॅस्केट उडाल्याचीही आहेत. बाहेरून दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून हेड न उतरवता कोणी 'नवंच लागेल' म्हणत असेल तर थांबायला हरकत नाही. मात्र या अवस्थेत गाडी चालवत राहू नये. रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपलेलं पाणी सकाळी स्टार्टर मारल्यावर दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग प्रश्न हेडपुरता राहत नाही.

हेड उतरवल्यावर ते लेथवाल्याकडे जातं. तिथे तीन गोष्टी व्हायला हव्यात. स्वच्छ धुऊन, सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड किती वाकलंय ते मोजणं, ही पहिली. भेगा शोधणं ही दुसरी. बिडाच्या हेडवर चुंबकीय पावडरने भेग दिसते. अॅल्युमिनियमला चुंबक चालत नाही, तिथे रंग झिरपवून भेग शोधतात. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे प्रेशर टेस्टिंग. पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून आत हवा भरायची, हेड गरम पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. पाणी गरमच हवं, कारण काही भेगा थंड असताना मिटलेल्या असतात. गार पाण्यातल्या चाचणीत पास झालेलं हेड रस्त्यावर नापास होऊ शकतं.

इथे एक गंमत आहे. दिसलेली प्रत्येक भेग घातक नसते. फोक्सवॅगनच्या 1.9 लिटर टीडीआय इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्ह सीटमधली 0.5 मिमीपर्यंतची भेग असलेलं हेड वापरात ठेवायला परवानगी आहे. म्हणजे केसासारखी भेग दिसली म्हणून लगेच नव्या हेडची ऑर्डर द्यायची नसते. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा काय दिलीय आणि प्रेशर टेस्टमध्ये त्या भेगेतून हवा येते का, हे दोन प्रश्न आधी.

दुरुस्ती कशी होते आणि ती किती टिकते?

हे धातूवर अवलंबून आहे. बिडात कार्बन भरपूर असतो, त्यामुळे गार हेडवर सरळ वेल्डिंग मारलं तर टाक्याच्या शेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि नवी भेग तिथूनच निघते. योग्य पद्धत म्हणजे अख्खं हेड भट्टीत 500-600 अंशांच्या घरात तापवायचं, गरम असतानाच वेल्डिंग करायचं आणि मग राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू थंड होऊ द्यायचं. घाईत हे जमत नाही. दुसरा उपाय आहे धातूला टाके घालण्याचा : भेगेवर ओळीने भोकं पाडून, एकमेकांत गुंतणारे आट्यांचे पिन बसवत जायचं. यात उष्णता लागत नाही, त्यामुळे जुन्या ट्रकच्या, बोटीच्या किंवा जनरेटरच्या जाड बिडाच्या हेडला ही पद्धत चांगली मानवते.

अॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं. ते चांगलं होतं, पण धातूत वर्षानुवर्षं मुरलेलं ऑइल नीट निघालं नसेल तर वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात. शिवाय जास्त तापलेलं अॅल्युमिनियम मऊ पडतं. म्हणून भेग भरली की काम संपत नाही. व्हॉल्व्ह सीट पुन्हा कापणं, गाइड तपासणं आणि शेवटी फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणं, हे सगळं आलं. डिझेलमध्ये फेसिंगची मोकळीक फार कमी. पिस्टन वर आल्यावर तो आणि हेड यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला आदळू शकतात. काही इंजिनांत हेड घासायला कंपनीचीच मनाई असते. 'दोनदा फेसिंग झालेलं हेड' असं कळलं तर दुरुस्तीचा विचार तिथेच सोडलेला बरा.

भेग एकाच ठिकाणी, हात पोहोचेल अशा जागी असेल, हेड फारसं वाकलेलं नसेल, तर दुरुस्ती शहाणपणाची. भेग इंजेक्टरच्या भोकातून किंवा ऑइलच्या वाटेतून जात असेल, दोन-तीन सिलिंडरांवर भेगा असतील किंवा ओव्हरहेड कॅमशाफ्टची रांगच वाकली असेल, तर नाही.

हिशोब कसा मांडायचा?

गल्लत बहुतेक वेळा इथे होते. ग्राहक वेल्डिंगचा दर आणि नव्या हेडची किंमत यांची तुलना करतो. पण हेड काढण्या-बसवण्याची मजुरी, गॅस्केट सेट, बोल्ट, ऑइल आणि कूलंट दोन्हीकडे सारखेच लागतात. आणि दुरुस्ती फसली तर ते सगळं पुन्हा लागतं.

समजा हा सामाईक खर्च 20,000 रुपये, दुरुस्ती 10,000 आणि नवं हेड 35,000. आकडे केवळ उदाहरणाचे. म्हणजे दुरुस्तीचा पर्याय 30,000, नवा 55,000. दुरुस्ती फसून मग नवं बसवावं लागलं तर एकूण 85,000. निव्वळ पैशांत पाहिलं तर दुरुस्ती फसण्याची शक्यता 45 टक्क्यांपेक्षा कमी असेल तोवर ती परवडते. नोकरीला जाण्यापुरती कार वापरणाऱ्यासाठी हा हिशोब पुरेसा आहे.

भायखळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या भाऊच्या धक्क्यावर तो बदलतो. तिथल्या मासेमारी बोटीही डिझेल इंजिनावर चालतात, पण किनाऱ्यापासून दूर हेड पुन्हा फुटलं तर टोइंगची गाडी येत नाही. ओढून आणण्याचा खर्च आणि बुडालेल्या फेऱ्या मिळून समजा आणखी 45,000 धरले, तर दुरुस्ती फसण्याची शक्यता 25 टक्क्यांच्या वर गेली की नवं हेड स्वस्त पडतं. खलाशांचा जीव या आकड्यांत धरलेलाच नाही. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत मात्र हातात वेळ असतो, तेव्हा भट्टीतली सावकाश दुरुस्ती आणि नंतरची चाचणी दोन्ही जमतात.

रेल्वेने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पहिला इंजिन कारखाना 1854 मध्ये भायखळ्यातच उभा राहिला, पुढे 1879 मध्ये तो परळला गेला. डिझेलच्या काळात गाजलेल्या डब्ल्यूडीएम-2 इंजिनात 16 सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र हेड. एक फुटलं की तेवढंच उतरवायचं, तपासून ठेवलेलं दुसरं चढवायचं आणि फुटलेल्याचं काय करायचं ते निवांत ठरवायचं. कारवाल्याकडे चार सिलिंडरांचं मिळून एकच हेड असतं आणि घरी दुसरं पडलेलं नसतं.

मग जुनं हेड?

कुर्ल्याच्या भंगार बाजारात भंगारात निघालेल्या कारची हेडं मिळतात, मोठी आणि बोटीची यंत्रं रे रोडच्या दारूखान्यात. जुनं हेड हा वाईट पर्याय नाही, विशेषतः ज्या इंजिनाचं उत्पादन थांबलंय त्यासाठी. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल कार बनवणं बंद केलं, तेव्हा त्या गाड्यांसाठी हा प्रश्न वाढतच जाणार. पण अट एक : आधी प्रेशर टेस्ट, मग पूर्ण पैसे. ती गाडी भंगारात का गेली हे विक्रेता सांगत नाही. कदाचित गरम होऊनच गेली असेल.

नवं घेताना 'नुसतं हेड' आणि 'पूर्ण हेड' यातला फरक विचारा. नुसत्या हेडमध्ये व्हॉल्व्ह, स्प्रिंग, कधी गाइडसुद्धा नसतात. जुने काढून बसवावे लागतात आणि बिल तिथे फुगतं.

गाडीचं वयही धरायला हवं. 15 वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं. गाडी त्या उंबरठ्यावर असेल आणि क्लच, टर्बोही कुरकुरत असतील, तर नवं हेड हा गाडीच्या किमतीचाच मोठा हिस्सा होऊन बसतो.

रेडिएटरमध्ये ओतायची 'भेग बुजवणारी' पावडर गाडी गॅरेजपर्यंत न्यायला कधी कामी येते. ती तशीच ठेवली तर रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

गाडी ताब्यात घेताना

दुरुस्तीनंतरची प्रेशर टेस्ट कधी झाली आणि फेसिंगमध्ये किती धातू गेला, हे बिलावर लिहून घ्या. त्या मापानुसार जाड गॅस्केट लागलं का तेही विचारा. अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतात आणि कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ती ओळखता येतात. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच हवेत. आणि मुळात गाडी गरम कशाने झाली ते सापडलं का? थर्मोस्टॅट अडकला होता, वॉटर पंप झिजला होता, पंखा फिरत नव्हता की पाइप फुटला होता? ते तसंच राहिलं तर नवं हेडही त्याच पुलावर जाईल. पहिले काही दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी बघायची. ती खुणेवरून उतरत असेल तर गाडी पुन्हा त्याच गॅरेजात न्यायची, बिल सोबत घेऊन.