फोर्डसनची ठिणगी

फोर्डसन ट्रॅक्टर हेन्री फोर्डच्या कारखान्यातून १९१७ साली बाहेर पडला. जर्मन पाणबुड्या इंग्लंडची रसद तोडीत होत्या, म्हणून ब्रिटिश सरकारने एकदम ६,००० मागवले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत ३९५ डॉलरवर उतरली आणि जन्मभर घोडेच हाकलेल्या शेतकऱ्याच्या अंगणात चार सिलिंडरांचे इंजिन येऊन उभे राहिले. ते बिघडले तर दुरुस्त करायचे कसे, हे त्याला कोण शिकवणार?

माझ्या मते, इंजिननेच शिकवले. त्यात बॅटरी नव्हती. फ्लायव्हीलवरची चुंबके फिरत आणि त्यांतून उपजलेला प्रवाह पेटीतल्या चार कॉइलींकडे जाई. टायमरचा फिरता रूळ ज्या तारेची जोडणी पुरी करी, तिची कॉइल गांधीलमाशीसारखी गुणगुणू लागे आणि प्लगवर ठिणगी पडे. क्रम एक, दोन, चार, तीन. एक कॉइल मुकी झाली की कान ते टिपत. मग तिची शेजारणीशी अदलाबदल करायची. दोष कॉइलबरोबर हलला, तर कॉइल वाईट. जागच्या जागी राहिला, तर तार, टायमर नाहीतर प्लग. ना मीटर, ना मिस्त्री! आपल्या नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक याहून निराळा तो काय?

तारेचा दोष मात्र भयंकर. टायमरकडची तार आवरण झिजून इंजिनाच्या अंगाला टेकली, की तिची कॉइल भलत्याच वेळी गुणगुणे; ठिणगी आधीच पडून हँडल उलटा झटका देई, प्रसंगी मनगट मोडी. थंडीत तेल घट्ट होई, चाक सावकाश फिरे आणि चुंबकांचा प्रवाह नेमका तेव्हाच दुबळा पडे.

अमेरिकेतले उत्पादन १९२८ मध्ये थांबून आयर्लंडातल्या कॉर्क शहरी गेले. तिथल्या १९२९ च्या इंजिनावर ही सारी व्यवस्था काढून एकच हाय-टेन्शन मॅग्नेटो बसवला. हँडल मारताना त्यातली स्प्रिंग ‘खट्’ करून सुटे आणि हळू फिरवूनही ठिणगी जोरदार पडे. ज्यांची मनगटे वाचली, त्यांना जुन्या गुणगुणीची आठवण कशाला येईल? पण मॅग्नेटो बिघडला तर तो बांधावर खोलता येत नसे. उचलून दुकानात न्यावा लागे. टायमरच्या चार तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने चाचपता येत. मॅग्नेटोतली केसासारखी तार हजारो वेढे घेऊन धातूच्या कवचात बसलेली असे.